सातबारा कोरा आहे, पण माती? जमीन घेण्याआधी प्रदूषण असं तपासा

जमीन बघायला गेलं की गावाकडचे प्रश्न ठरलेले असतात. रस्ता आहे का? विहिरीला बारमाही पाणी आहे का? सातबारा कोरा आहे का? भाऊबंदकीचा वाद तर नाही ना? या चार प्रश्नांची उत्तरं मनासारखी आली की विसार दिला जातो आणि खरेदीची तारीख ठरते. विहिरीचं पाणी पिण्यालायक आहे का, मातीत काय मुरलंय, हे मात्र फार थोडे लोक विचारतात.

आता हा प्रश्न टाळून चालत नाही. तालुक्यातालुक्यात औद्योगिक वसाहती झाल्या. साखर कारखान्यांना जोडून डिस्टिलरी आल्या. शहरांचे कचरा डेपो जवळच्या गावांच्या शिवारात गेले. बंद पडलेले कारखाने, जुन्या वीटभट्ट्या, भराव टाकून बुजवलेल्या दगडखाणी यांच्या जागा प्लॉट पाडून विकल्या जातात. अशी जमीन आजूबाजूच्या भावापेक्षा स्वस्त मिळते, म्हणून माणूस भुलतो. आयुष्याची पुंजी आणि वर कर्ज घालून घेतलेल्या जमिनीचं पाणीच खराब निघालं तर ती पिकवता येत नाही, राहायला जाता येत नाही आणि खरं सांगून विकताही येत नाही.

वकील सर्च रिपोर्ट काढतो, पण त्यात मालकी आणि बोजा एवढंच कळतं. माती तपासणं वकिलाच्या कामात येत नाही. ते घेणाऱ्यानेच करायचं असतं, आणि विसार देण्याआधी करायचं असतं.

बिछडीच्या विहिरींचं काय झालं

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या रासायनिक कारखान्यांच्या आवारात 'एच ॲसिड' तयार होऊ लागलं. रंग बनवण्यासाठी ते वापरतात. उत्पादन थोडाच काळ चाललं, पण त्यातून सुमारे २,४४० टन विषारी गाळ निघाला आणि तो उघड्यावर पडून राहिला. पावसाचं पाणी त्यातून झिरपत जमिनीखाली गेलं. गावच्या विहिरींचं पाणी काळपट झालं. ते माणसांनी पिण्याजोगं राहिलं नाही, जनावरांना आणि पिकालाही चालेना. 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेच्या पाहणीत सुमारे ३५० हेक्टर जमीन बाधित आढळली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९६ मध्ये निकाल लागला: ज्याने घाण केली त्यानेच खर्च भरायचा. हा निकाल देशभर दाखला म्हणून सांगितला जातो. पण पैसे भरण्यावरून वाद सुरूच राहिला. २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश द्यावा लागला. म्हणजे पाणी बिघडल्याला वीस वर्षं उलटून गेली तरी भरपाईचा हिशेब संपला नव्हता.

कायदा शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहिला, तरी विहीर काही लगेच पूर्वीसारखी होत नाही. म्हणून नंतर भांडण्यापेक्षा आधी तपासणं स्वस्त पडतं.

विकणाऱ्याची जबाबदारी किती?

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ५५ यात कामाला येतं. मालमत्तेत असा मोठा दोष असेल की जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. मुद्दाम लपवला तर ती फसवणूक ठरते.

यातल्या दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, डोळ्यांना दिसणारा दोष 'लपवला' असं म्हणता येत नाही. बांधाला लागून नाल्यात काळं पाणी वाहतंय आणि तुम्ही बघितलंच नाही, तर दोष तुमच्याकडे येतो. दुसरी, करारात वेगळं ठरलं असेल तर हे बंधन सैल होऊ शकतं. 'मिळकत आहे त्या स्थितीत पाहून, तपासून, पसंत करून घेतली आहे' असं वाक्य खरेदीखतात बहुतेक वेळा छापील असतं. सही करण्याआधी त्यावर बोट ठेवून वकिलाला विचारा.

खरेदीखतातल्या एका कलमाचं उदाहरण जगभर सांगितलं जातं. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कनाल नावाचा अर्धवट खोदलेला कालवा होता. एका रसायन कंपनीने त्यात हजारो टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळाला अवघ्या १ डॉलरला दिली. खाली रसायनं पुरली आहेत आणि पुढे काही झालं तर कंपनी जबाबदार नाही, हे खरेदीखतातच लिहिलं होतं. तरी तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली. पुढे तळघरांत रसायनं झिरपू लागली. १९७८ मध्ये सरकारने आणीबाणी जाहीर केली आणि शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली.

त्यानंतर तिकडे कायदा कडक झाला. मोठी जागा घेण्याआधी प्रदूषणाची पाहणी करून घेण्याची रीत पडली. आधी कागद बघायचे, मग माहीतगारांना विचारायचं, मग जागा पायी फिरायची आणि शंका आली तरच नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचे. हाच क्रम आपल्याकडे पाच एकराच्या तुकड्यालाही लागू पडतो. पहिल्या तीन पायऱ्यांना फारसा खर्च येत नाही.

पायरी १ : कागद वाचा, पण वेगळ्या नजरेने

सातबारा सगळेच काढतात. यावेळी तो मालकीसाठी नाही, तर जमिनीचा इतिहास कळावा म्हणून वाचा.

- गाव नमुना १२, म्हणजे पिकांची नोंद. मागच्या दहा-पंधरा वर्षांचे उतारे काढा. आजूबाजूला ऊस, कांदा उभा असताना हा गट वर्षानुवर्षं 'पड' दिसत असेल तर कारण विचारा. मालक शहरात असेल, पाणी नसेल किंवा जमीनच पिकत नसेल.
- फेरफार नोंदी. जमीन मधल्या काळात एखाद्या कंपनीच्या, भट्टीवाल्याच्या किंवा क्रशरवाल्याच्या नावावर होती का, ते यातून कळतं.
- इतर हक्काचा रकाना. भाडेपट्टा, खाणपट्टा, पाइपलाइनचा हक्क किंवा एखादी सरकारी नोंद इथे सापडते. भाड्याने दिलेल्या जमिनीची नोंद अनेकदा होत नाही, म्हणून तोंडीही विचारा.
- बिगरशेती आदेश. जमीन एनए असेल तर कोणत्या कारणासाठी झाली ते आदेशात असतं. 'औद्योगिक' लिहिलं असेल तर तिथे नेमकं काय चालत होतं ते शोधा.

जवळ कारखाना असेल तर त्याचेही कागद बघता येतात. बहुतेक कारखाने उभारायला आणि चालवायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. कारखाना लाल, नारिंगी की हिरव्या अशा कोणत्या गटात आहे, सांडपाणी किती आणि ते कुठे सोडायचं, हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. लाल गट म्हणजे प्रदूषणाची शक्यता जास्त. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागली असेल तर ती केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर शोधता येते.

ऑनलाइन सापडलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा. तीन गोष्टी मागा: कारखान्याचं चालू संमतीपत्र, मागच्या पाच वर्षांत दिलेल्या नोटिसा आणि परिसरातल्या विहिरी-नाल्यांच्या पाण्याचे तपासणी अहवाल. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. विसाराची तारीख त्या हिशेबाने धरा.

ग्रामपंचायतीतही डोकवा. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावच्या पाणी स्रोतांची स्वच्छता पाहणी करतो आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. लाल कार्ड म्हणजे धोका जास्त. हे कार्ड गावच्या सार्वजनिक पाण्याचं असतं, तुमच्या गटातल्या विहिरीचं नाही, पण अंदाज येतो. प्रदूषणाबद्दल ग्रामसभेने कधी ठराव केलाय का, तेही विचारा.

पायरी २ : चार माणसं आणि एक मोबाइल

कागदावर न आलेली गोष्ट बांधाशेजारचा माणूस सांगतो. फक्त एजंट किंवा मालक बरोबर असताना विचारू नका. दुसऱ्या दिवशी एकटे जा.

- शेजारच्या शेतकऱ्याला विचारा: या विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला येतो का? टँकर रात्री येऊन इथे काही ओतत होते का?
- घरातल्या बायकांना विचारा. पाण्याची पहिली खबर त्यांनाच असते. डाळ शिजत नाही, चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरा थर धरतो, ही क्षार जास्त असल्याची खूण.
- गुराख्याला विचारा. एखाद्या डबक्याला जनावरं तोंड लावत नसतील तर त्याला कारण असतं.
- गावच्या जलसुरक्षकाला आणि आशाताईंना विचारा. कोणत्या स्रोताचा अहवाल खराब आला होता, ते त्यांच्या लक्षात असतं.

मग मोबाइल किंवा संगणक काढा. गूगल अर्थमध्ये बऱ्याच ठिकाणची जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं दिसतात. गट शोधा आणि एकेक वर्ष मागे जा. आज सपाट आणि हिरवा दिसणारा तुकडा दहा वर्षांपूर्वी पाण्याने भरलेली खाण होता का? काळे तलाव, राखेचे ढीग, पत्र्याची शेड दिसते का? स्क्रीनशॉट तारखेसह ठेवून द्या.

पायरी ३ : शिवारफेरी करा, उताराने चाला

सकाळी किंवा संध्याकाळी उन्ह तिरपं असताना जमीन पायी फिरा. शक्य असेल तर एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसानंतर. आधी उतार ओळखा. घाण वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला येते. कारखाना, डेपो किंवा मोठा पोल्ट्री फार्म तुमच्या गटाच्या वरच्या अंगाला असेल तर काळजी जास्त घ्या. खालच्या अंगाला असेल तर धोका कमी, पण संपला असं नाही.

राज्याच्या बहुतेक भागाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी सरळ रेषेत चालत नाही. वरच्या मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून ते वाट काढतं. त्यामुळे जवळची विहीर चांगली आणि लांबची खराब, असंही घडतं. शेजारच्याच्या पाण्याचा अहवाल आपल्या विहिरीला लावू नका. 'बोअर खोल आहे, त्याला काय होतंय' हाही भ्रम आहे. भेग मिळाली तर घाण खोलवरही जाते.

फिरताना पुढच्या खुणा दिसतात का बघा:

- पावसाळ्यातही गवत न उगवणारे ठिपके, जळाल्यासारखी झुडपं.
- जमिनीवर पांढरा थर. तो कारखान्यामुळेच असेल असं नाही. शिरोळसारख्या नदीकाठच्या ऊस पट्ट्यात जादा पाणी आणि निचरा नसल्यामुळेही जमीन क्षारपड होते. पण दोन्ही असतील तर उत्पन्न जातंच.
- तपकिरी-काळं, उग्र वासाचं पाणी. डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर असं सांडपाणी निघतं. गावाकडे त्याला मळीचं पाणी म्हणतात. 'खत म्हणून फुकट सोडतो' असं सांगून प्रक्रिया न केलेलं पाणी शेतात सोडलं गेलं असेल तर विहिरीला रंग येतो.
- पाण्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग किंवा रॉकेलसारखा वास. जुना पेट्रोल पंप, गॅरेज, डिझेल टाकीजवळ हे दिसतं.
- करडी बारीक राख. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राख आजूबाजूच्या शेतात, नाल्यात गेली. वीज केंद्राच्या पट्ट्यात जमीन घेताना हे लक्षात ठेवा.
- काळी वाळू, धातूचा मळ, रंगीत गाळ, अर्धवट पुरलेले पिंप, फुटलेल्या बॅटऱ्यांची खोकी. बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याचा धंदा जिथे चालला तिथली माती मुलांसाठी फार वाईट.
- पाय दिला की दबणारी जमीन, मातीत प्लॅस्टिक, चिंध्या, डेब्रिज. खाण कचऱ्याने भरून प्लॉट पाडले असतील तर घराला तडे जातात आणि खालून गॅसही येतो.

कचरा डेपोजवळच्या जमिनीचं काय होतं हे पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलंय. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने तिथल्या विहिरी नासल्या, लोकांना आंदोलनं करावी लागली. २०१६ च्या घनकचरा नियमांत भरावभूमी वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर, तर नदीपासून १०० मीटर दूर असावी असं म्हटलं होतं. जुने डेपो या नियमाच्या आधीचे आहेत, म्हणून अंतर स्वतः मोजा.

सांभाळून: जुन्या विहिरीत, टाकीत, खड्ड्यात उतरू नका, विषारी वायूने जीव जातो. पिंप उघडू नका. पाणी तोंडात घेऊन चव बघू नका.

पायरी ४ : पाणी तपासा

बाजारात पेनासारखं टीडीएस मीटर मिळतं. ते विरघळलेले एकूण क्षार दाखवतं, बाकी काही नाही. जंतू, शिसं, कीटकनाशक यांतलं काहीही त्यावर कळत नाही. मीटरवर ३०० आलं म्हणून पाणी शुद्ध ठरत नाही.

गावागावात जलजीवन मिशनखाली पाणी तपासणीचे संच दिले आहेत आणि महिलांना प्रशिक्षण दिलंय. पहिली चाचणी तिथे करून घ्या. नंतर पक्की तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत करता येते. जड धातू, तेल किंवा कीटकनाशकांची शंका असेल तर एनएबीएल मान्यता असलेली खासगी प्रयोगशाळा गाठा. तिथे 'पाणी तपासा' एवढंच सांगू नका. शेजारी काय आहे ते सांगा, म्हणजे काय शोधायचं ते त्यांना कळेल. बॅटरीचा धंदा असेल तर शिसं, चामड्याचा किंवा क्रोम प्लेटिंगचा असेल तर क्रोमियम, पोल्ट्री आणि उकिरडे असतील तर नायट्रेट.

नमुना घेण्याची पद्धत:

- बोअर असेल तर मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग पाणी घ्या.
- स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळा. औषधाची किंवा कोल्ड्रिंकची जुनी बाटली नको.
- जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणा, ती विसळू नका. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.
- बाटलीवर गट नंबर, तारीख आणि वेळ लिहा. नमुना घेतानाचा फोटो काढा.
- जमल्यास मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, असा दोनदा नमुना घ्या. पावसानंतर काही पदार्थ पातळ होतात, तर काही नव्याने झिरपून येतात.

अहवाल हातात आला की पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी (आयएस १०५००) ताडून बघा. आकडे एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत:

- सामू (पीएच): ६.५ ते ८.५
- एकूण क्षार (टीडीएस): ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत
- नायट्रेट: ४५ पेक्षा जास्त नको
- फ्लोराइड: १ पर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर १.५
- शिसं: ०.०१
- आर्सेनिक: ०.०१
- क्रोमियम: ०.०५
- ई-कोलाय जंतू: १०० मिलिलिटरमध्ये एकही नको

जंतू उकळून मरतात. नायट्रेट आणि धातू उकळून जात नाहीत, उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाला जास्त नायट्रेटचं पाणी विशेष घातक असतं.

पाणी फक्त शेतीला लागणार असेल तर विद्युत वाहकता (ईसी) आणि सोडियम बघा. ईसी ०.७५ च्या आत असेल तर चांगलं, २.२५ च्या वर गेलं तर बहुतेक पिकांना आणि जमिनीला त्रास. ही तपासणी कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होते.

पायरी ५ : माती, इथेच बहुतेक जण फसतात

विकणारा हातात मृदा आरोग्य पत्रिका ठेवतो आणि म्हणतो, 'बघा, माती एक नंबर.' ही पत्रिका २०१५ पासून मिळते आणि खताच्या नियोजनासाठी ती चांगलीच आहे. पण तिच्यात १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, क्रोमियम, पारा, तेल, कीटकनाशकांचे अंश यांतलं काहीच त्यात नाही. ती पत्रिका माती सुपीक आहे का सांगते, माती स्वच्छ आहे का सांगत नाही.

तरी पत्रिकेतले दोन आकडे उपयोगी आहेत. क्षारता जास्त असेल तर मळीचं पाणी किंवा क्षारपडपणा असू शकतो. जुनी द्राक्षबाग असेल तर तांब्याचा आकडा बघा. बोर्डो मिश्रणाच्या वर्षानुवर्षांच्या फवारण्यांनी मातीत तांबं साठतं.

नमुना घेण्याची रीतही इथे उलटी आहे. खतासाठी नमुना घेताना बांध, उकिरडा, झाडाखालची जागा टाळतात, शेतभर आठ-दहा ठिकाणची माती एकत्र मिसळून अर्धा किलो पाठवतात. प्रदूषण शोधताना नेमक्या संशयाच्या जागीच जायचं: नाल्याकाठी, जुन्या शेडच्या जागी, गवत न उगवलेल्या ठिपक्यावर. आणि माती मिसळायची नाही. खराब जागेची मूठभर माती नऊ चांगल्या मुठींत मिसळली की दोष आकड्यात दिसत नाही. संशयाच्या प्रत्येक जागेची वेगळी पिशवी करा, वरच्या थराची आणि हात-दीड हात खोलची माती वेगळी ठेवा, आणि तुलनेसाठी त्याच शेतातली एक चांगली जागाही घ्या. खोदण्याआधी मालकाची परवानगी घ्या. तो नमुना घेऊच देत नसेल तर तेच उत्तर समजा.

अहवाल आला, आता घ्यायची की सोडायची?

प्रत्येक दोष जीवघेणा नसतो. क्षारपड जमीन निचरा पाइप टाकून सुधारते, खर्च येतो तो भावातून कमी करून घेता येतो. पाण्यात जंतू असतील तर विहिरीला कठडा बांधणं, शोषखड्डा लांब नेणं, टीसीएल टाकणं यांनी सुधारणा होते. फ्लोराइड जास्त असेल तर पिण्यासाठी नळाचं पाणी आणि विहीर शेतीला, असं चालू शकतं.

पण मातीत जड धातू, पुरलेलं रसायन, भूजलात तेल किंवा रंग, आणि त्यात वरच्या अंगाचा कारखाना अजून चालू, असं असेल तर ती जमीन सोडलेली बरी. साफसफाईचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त जाऊ शकतो. भाव निम्म्यावर आला तरी मोह नको.

विसार पावतीत काय लिहून घ्यायचं

घाई असेल तर विसार कमी ठेवा आणि पावतीत अट घाला: 'पाणी व मातीचा तपासणी अहवाल समाधानकारक न आल्यास विसाराची पूर्ण रक्कम परत केली जाईल.' मुदत लिहा.

खरेदीखतात या अर्थाचं कलम वकिलाकडून घालून घ्या: 'सदर मिळकतीवर लिहून देणार यांनी कोणतेही रासायनिक सांडपाणी, औद्योगिक गाळ, राख वा घातक कचरा टाकलेला अथवा पुरलेला नाही व कोणास टाकू दिलेला नाही. याबाबत कोणत्याही खात्याची नोटीस प्रलंबित नाही. ही माहिती खोटी निघाल्यास होणाऱ्या नुकसानीस लिहून देणार जबाबदार राहतील.' विकणारा प्रामाणिक असेल तर याला हरकत घेत नाही.

जमीन आधीच घेतली असेल तर

लेखी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्या, प्रत तहसीलदार आणि ग्रामपंचायतीला. पोच घ्या. पाण्याचे अहवाल, फोटो, तारखा एका फाइलमध्ये ठेवा.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम आणले. त्यानुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी वर्षातून दोनदा करायची आहे आणि राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आहे. जबाबदार सापडला तर साफसफाईचा खर्च त्याच्याकडून. घनकचऱ्याचे ढीग आणि खाणकाम यांना मात्र वेगळे कायदे लागू होतात. आपल्या गावची जागा यादीत यावी म्हणून ग्रामसभेचा ठराव जोडून मागणी करा.

भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो, म्हणून बघू-करू म्हणत दिवस घालवू नका.

थोडक्यात, विसार देण्याआधी

- दहा-पंधरा वर्षांचे पीक नोंदीचे उतारे आणि फेरफार बघितले का?
- शेजारच्या दोन घरांत एजंट नसताना विचारलं का?
- जुनी उपग्रह छायाचित्रं बघितली का?
- उतार ओळखून वरच्या अंगाला काय आहे ते बघितलं का?
- विहिरीच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे का?
- संशयाच्या जागेची माती वेगळी तपासली का?
- विसार पावतीत परताव्याची अट आहे का?

सातपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर व्यवहार आठ दिवस पुढे ढकला. दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणून एजंट घाई करेल. त्याची दलाली खरेदीच्या दिवशी संपते, पण त्या विहिरीचं पाणी तुमच्या घरात पुढची दोन पिढ्या प्यायलं जाणार असतं.